उडी आणि पायवाट
(केंद्रसंमेलनात प्राथमिक शिक्षकांपुढे वाचावयाचे भाषण)



आषाढ लागला की वरंधच्या परिसराचे रूप पालटते. कावळ्या किल्ल्याच्या अंगाने चढणारी घाटाची वाट ढगांत शिरते. समोरचा कडा क्षणात दिसतो व क्षणात नाहीसा होतो. प्रत्येक कातळावरून पाण्याची धार लागते. शेतात लावणी चालू असते. मोठी मुले घरच्या कामास गुंतलेली असतात आणि जी शाळेत पोचतात ती निम्मी भिजलेली असतात. अशा दिवशी नेहमीचा पाठ पुढे सरकत नाही. अनुभवी शिक्षक हे जाणतो. तो पुस्तक मिटतो, मुलांना जवळ बोलावतो व गोष्ट सांगावयास प्रारंभ करतो.

ती गोष्ट कोणती असावी, यासंबंधी शिक्षकवर्गात दोन मते आढळतात. एका पक्षाचे म्हणणे असे की, राक्षस, उडणारी माकडे, बोलणारे मासे या गोष्टींनी मुलांच्या बुद्धीत भ्रम निर्माण होतो; विज्ञानयुगात शाळेने त्यांना थारा देऊ नये. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, ज्या मुलाने बालपणी अद्भुताची चव घेतली नाही त्याचे मन पुढे रुक्ष राहते. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. परंतु वाद ज्या ठिकाणी अडतो ते ठिकाण मुलाच्या एका लहानशा प्रश्नात सापडते. गोष्ट संपताच पहिल्या रांगेतला एखादा मुलगा विचारतो, "गुरुजी, हे खरं आहे का?" या प्रश्नाला शिक्षक काय उत्तर देतो, यावर त्या गोष्टीचे मोल ठरते. 'हो' म्हटले तर असत्य होते. 'नाही' म्हटले तर मुलाचा चेहरा उतरतो. या दोहोंहून वेगळे, प्रामाणिक आणि तरीही मुलाला आनंद देणारे उत्तर असू शकते काय, हाच आजच्या विवेचनाचा विषय आहे. त्यासाठी चीन देशातील एक विख्यात अद्भुतकथा उदाहरण म्हणून घेतली आहे. कारण त्या कथेचे मूळ हिंदुस्थानच्या यात्रेत आहे आणि तिचा मूळ पुरुष महाराष्ट्रातही येऊन गेलेला आहे.

प्रथम ती कथा पाहू. चिनी भाषेत तिला 'शी यो ची' म्हणतात. त्याचा अर्थ 'पश्चिमेची यात्रा'. शंभर प्रकरणांचा हा ग्रंथ इ. स. १५९२ मध्ये नानचिंग येथे छापला गेला. वू छंग-अन या लेखकाकडे त्याचे कर्तृत्व सामान्यतः दिले जाते, जरी त्याविषयी विद्वानांचे पूर्ण एकमत नाही. कथेचा नायक एक वानर आहे. फुलाफळांनी भरलेल्या एका पर्वताच्या शिखरावर एक शिळा असते. ती दुभंगते व तिच्यातून तो जन्मास येतो. एके दिवशी सर्व वानर ओढ्याच्या उगमाचा शोध घेत एका प्रचंड धबधब्यापाशी येतात. 'या पाण्याच्या पडद्याआड जाऊन जो सुखरूप परत येईल तो आपला राजा,' असे ठरते. शिळेतून जन्मलेला वानर डोळे मिटून उडी घेतो. पलीकडे पाणी नाही. एक प्रशस्त, कोरडी गुहा आहे!

येथे वरंधच्या शिक्षकाला जो लाभ आहे तो सपाट प्रदेशातील शिक्षकाला नाही. पाण्याच्या पडद्याआडची गुहा म्हणजे काय, हे या भागातील मुलांना वर्णन करून सांगावे लागत नाही. शिवथरची घळ जवळच आहे. समर्थ रामदासांचे वास्तव्य तेथे होते आणि दासबोधाची रचना तेथे झाली, अशी परंपरा आहे. पावसाळ्यात त्या घळीच्या तोंडाशी धबधबा कसा कोसळतो, आत बसलेल्या माणसाला बाहेरचे जग कसे पाण्यातून दिसते, हे कित्येक मुलांनी आईबापांच्या बोटाला धरून पाहिलेले असते. शिक्षकाने एवढेच म्हणावे, "आपली घळ आठवा, तसे ते स्थळ होते." चिनी वानर तत्क्षणी मुलांच्या ओळखीचा होतो. दूरच्या गोष्टीला जवळचा दगड पायाखाली द्यावा, म्हणजे मुलाचे मन न घसरता पलीकडे जाते.

कथा पुढे सरकते. वानर राजा होतो, पण एक दिवस त्याला मरणाचा विचार ग्रासतो. तराफ्यावर बसून तो समुद्र ओलांडतो व एका वृद्ध गुरूपाशी विद्या शिकतो. तेथे त्याला सुन वुखोंग हे नाव मिळते. बहात्तर रूपे धारण करण्याची कला त्याला साध्य होते आणि ढगावरून एका कोलांटीत एक लाख आठ हजार ली अंतर तोडण्याचे सामर्थ्य येते. समुद्रातील नागराजाकडून तो एक लोहदंड मिळवितो. तो इच्छेप्रमाणे खांबाएवढा मोठा होतो किंवा सुईएवढा लहान होऊन कानात ठेवता येतो. मात्र विद्येबरोबर त्याला गर्वही चढतो. स्वर्गात त्याला घोडे राखण्याचे काम मिळते. ते हलके आहे असे कळताच तो चिडतो. पुढे स्वर्गातील अमरत्वाची फळे तो चोरून खातो आणि देवांच्या सैन्याला धूळ चारतो. शेवटी बुद्ध त्याला म्हणतात की, माझ्या तळहातावरून उडी मारून बाहेर जाऊन दाखव. वानर प्रचंड झेप घेतो. जगाच्या टोकाशी पाच खांब दिसतात; तेथे तो आपले नाव लिहितो आणि ऐटीत परततो. पाहतो तो काय, त्याचे अक्षर बुद्धांच्याच बोटावर उमटलेले असते.

पाच शतके त्याला बंधनात राहावे लागते. त्यानंतर एक तरुण भिक्षू पश्चिमेकडे, म्हणजे हिंदुस्थानाकडे, धर्मग्रंथ आणावयास निघालेला असतो. तो वानराची सुटका करतो व वानर त्याचा शिष्य बनतो. खादाड पण भोळा असा वराहमुखी सोबती, नदीतून आलेला एक मुका-मुका वाटणारा राक्षस आणि पांढऱ्या घोड्याचे रूप घेतलेला नागराजपुत्र, असा हा मेळा एक्याऐंशी संकटांतून पार पडतो. चौदा वर्षांनी ग्रंथ हाती येतात.

मुलांना ही कथा आवडते, यात नवल नाही. पण तिच्या मध्यभागी एक कोडे आहे आणि शिक्षकाने मुलांना तेथे थांबवावयास हवे. ग्रंथात चीनच्या राजधानीपासून बुद्धांच्या स्थानापर्यंतचे अंतर एक लाख आठ हजार ली सांगितले आहे. वानराची एक कोलांटीही नेमकी तेवढीच आहे! मग वानराने एकच उडी मारून ग्रंथ का आणले नाहीत? भिक्षूला पाठीवर घेऊन तो का उडाला नाही? चौदा वर्षे चिखलपाण्यातून चालण्याचे कारण काय?

हा प्रश्न विचारून शिक्षकाने क्षणभर गप्प बसावे. उत्तरे येतील. कथेतही वराहमुखी सोबती हाच प्रश्न विचारतो व वानर त्याला समजावतो की, गुरूने स्वतःच्या पायांनी सर्व प्रदेश ओलांडले पाहिजेत. आपण त्याचे रक्षण करू शकतो, पण त्याच्या वाटची चाल आपण चालू शकत नाही. आणावयाची वस्तू ज्ञान आहे. ते दुसऱ्याने आणून हातावर ठेवता येत नाही. डोंगरावरच्या वाडीतून रोज पायवाट उतरून शाळेत येणाऱ्या मुलाला हा अर्थ फार समजावून सांगण्याची गरज पडत नाही. त्याच्या पायांना तो ठाऊक असतो. शिक्षकालाही त्यात स्वतःचे स्थान दिसावे: त्याच्या ठायी वानराची शक्ती असली तरी मुलाचे पाठांतर, मुलाचा हिशेब, मुलाची चूक या गोष्टी तो मुलाऐवजी करू शकत नाही.

आता "हे खरं आहे का?" या प्रश्नाकडे वळू. वानर खरा नाही. मात्र भिक्षू खरा आहे. त्याचे नाव ह्युएन त्संग. त्याचा उच्चार युआन श्वांग असाही केला जातो. इतिहासाच्या पुस्तकात सम्राट हर्षाच्या प्रकरणात ज्याचे नाव येते तोच हा प्रवासी. इ. स. ६२९ च्या सुमारास तो चीनमधून निघाला. त्या काळी सीमा ओलांडण्यास राजाची बंदी होती, म्हणून त्याला लपतछपत जावे लागले. त्याच्यापाशी ना जादूचा दंड होता, ना बहात्तर रूपे. वाळवंटात त्याची पाण्याची पखाल हातातून निसटली आणि सारे पाणी वाळूत सांडले. तो काही अंतर माघारी फिरला. मग त्याला आपली प्रतिज्ञा आठवली की, हिंदुस्थानास पोचल्यावाचून पूर्वेकडे पाऊल टाकावयाचे नाही. तो पुन्हा पश्चिमेकडे वळला. चार रात्री व पाच दिवस त्याला पाणी मिळाले नाही. अखेर त्याला वाचविले ते त्याच्या घोड्याने. तो घोडा लाल रंगाचा, म्हातारा आणि हडकुळा होता. पण त्या वाटेने तो अनेकदा गेलेला असल्याने हिरवळ व पाणी कोठे आहे हे त्याला ठाऊक होते. ही हकीकत ह्युएन त्संगाच्या शिष्याने लिहिलेल्या चरित्रात आलेली आहे.

येथे शिक्षकाने फळ्यावर दोन रकाने आखावेत. एकात 'गोष्ट' लिहावे, दुसऱ्यात 'इतिहास'. गोष्टीत नागराजाचा पुत्र पांढरा घोडा होतो. इतिहासात म्हातारा लाल घोडा पाणी शोधून देतो. गोष्टीत परतीच्या वाटेवर ग्रंथ नदीत भिजतात. इतिहासातही सिंधू नदी ओलांडताना नाव हेलकावली, काही ग्रंथ व त्याने जमविलेली फुलझाडांची बियाणी वाहून गेली आणि ह्युएन त्संगाला त्या ग्रंथांच्या नव्या प्रती मिळवाव्या लागल्या. गोष्टीत चौदा वर्षे आहेत. इतिहासात सुमारे सोळा. गोष्टीत ग्रंथ मिळताच कथा संपत आली आहे. इतिहासात ह्युएन त्संग इ. स. ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन परतला आणि इ. स. ६६४ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांची भाषांतरे करीत बसला. ते ग्रंथ सुरक्षित राहावेत म्हणून इ. स. ६५२ मध्ये उभारलेला मनोरा, पुढे दुरुस्त्या होत होत, आजही चीनमधील शीआन शहरात उभा आहे.

मुले हे रकाने भरू लागली की त्यांच्या ध्यानात आपोआप एक गोष्ट येते: एका खऱ्या माणसाच्या धैर्याने लोक इतके चकित झाले की, नऊशे वर्षे त्याच्याभोवती कथा वाढत गेल्या आणि अखेर तिच्यात वानर, नाग व राक्षस आले. तेव्हा त्या मुलाला उत्तर असे देता येते: "बाळा, वानर माणसांनी रचला आहे. पण ज्याच्यासाठी तो रचला तो माणूस खरा होता आणि तो पायी चालत आला होता." या उत्तराने मुलाचा चेहरा उतरत नाही. उलट त्याला एकाऐवजी दोन गोष्टी मिळतात.

ह्युएन त्संग महाराष्ट्रात आला तो इ. स. ६४१ च्या सुमारास. नर्मदेच्या दक्षिणेस त्या वेळी चालुक्य राजा दुसरा पुलकेशी राज्य करीत होता. हर्षालाही तो हटला नव्हता. येथील लोकांविषयी या प्रवाशाने जे लिहिले ते मुलांना आवर्जून सांगावे. लोक धिप्पाड व मानी आहेत. उपकाराची आठवण ठेवतात. कोणी संकटात मदत मागितली तर स्वतःचा विचार न करता धावतात. अपमान झाला तर सूड घेतात, पण शत्रूला आधी सूचना दिल्यावाचून वार करीत नाहीत. डोंगरात कोरलेल्या एका भव्य विहाराचे व त्याच्या दाराशी असलेल्या दगडी हत्तींचे वर्णनही त्याने केले असून ते अजिंठ्याचे असावे असे अभ्यासक मानतात.

या प्रवाशाच्या वृत्तांतात महाडचे नाव नाही. म्हणून तो महाडास आला होता असे मुलांना सांगू नये. अभिमानापोटीही इतिहासात भर घालणे शिक्षकास शोभत नाही. परंतु महाडजवळ गांधारपाल्याची लेणी आहेत आणि ह्युएन त्संग ज्या भिक्षूंच्या विहारांत राहिला त्याच परंपरेची ती आहेत. त्याच्या येण्यापूर्वी कित्येक शतके ती कोरली गेली. तेथील शिलालेखात विष्णुपालित नावाच्या एका राजकुमाराच्या दानाचा उल्लेख आहे. आजूबाजूचे लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात, व पांडवांनी ती एका रात्रीत कोरली असे मुले ऐकून असतात. येथेही तेच दोन रकाने उपयोगी पडतात. 'एका रात्रीत' ही गोष्ट. छिन्नी-हातोड्याच्या खुणा हा इतिहास. दिवाळीनंतर सहल नेता आली तर मुलांना त्या खुणांवरून बोट फिरवू द्यावे. एक घाव घालावयास किती वेळ लागत असेल, असे विचारावे. अनाम पाथरवटांच्या हातांविषयी मुलाच्या मनात जो आदर उपजेल तो पांडवांच्या चमत्काराने उपजला नसता.

गोष्ट सांगताना वर्गातून हमखास एक आवाज येईल: "हा तर मारुतीच!" मुलाला गप्प करू नये. सुन वुखोंगाच्या कथेवर हनुमंताच्या कथेचा प्रभाव पडला असावा, असे हू शी या चिनी विद्वानाने गेल्या शतकात सुचविले. लू श्युन या दुसऱ्या थोर लेखकाने त्याचे मूळ चीनमधील जुन्या दंतकथांत पाहिले. मोठ्या पंडितांचा जेथे वाद आहे तेथे चौथीच्या मुलाला मत देण्यास हरकत कसली? मुलांनीच साम्य व भेद सांगावेत. दोघेही झेप घेतात, दोघेही रूप लहानमोठे करतात. परंतु मारुती समुद्र ओलांडतो तो आपल्या स्वामीच्या कार्यासाठी. चिनी वानर पहिली झेप घेतो ती स्वतःचा मोठेपणा दाखविण्यासाठी, आणि सेवा त्याला फार उशिरा शिकावी लागते. त्याच्या मस्तकावर एक सोन्याचे कडे असते. तो उद्दामपणे वागला की गुरू मंत्र म्हणतो आणि कडे आवळते. यात्रा संपल्यावर तो गुरूला म्हणतो, 'आता तरी हे काढा.' गुरू उत्तर देतो, 'चाचपून पाहा.' डोक्यावर कडे नसतेच. ते केव्हा नाहीसे झाले हे त्याला कळलेलेही नसते. शाळेतील शिस्त कशी असावी, यावर याहून बोलके दृष्टांत थोडे असतील.

या कथेबरोबर चिनी चित्रकलेचाही परिचय करून देता येतो व त्यासाठी रंगपेटीची आवश्यकता नाही. निसर्गचित्राला चिनी भाषेत 'शान-श्वे' म्हणतात. त्याचा अर्थ 'डोंगर आणि पाणी'. या दोन वस्तू वरंधात मुबलक आहेत. चिनी चित्रकार काळ्या शाईने डोंगराचा माथा काढतो, पायथा काढतो आणि मधला भाग कोरा सोडतो. तो कोरा कागद म्हणजेच धुके. खिडकीतून दिसणारा घाट आषाढात नेमका असाच असतो. मुलांना चुलीतला कोळसा आणावयास सांगावे. 'जे दिसते ते काढा. जे ढगाने झाकले ते काढू नका,' एवढीच सूचना पुरे. डोंगराच्या पायथ्याशी एक चिमुकला माणूस काढावयास लावावा; चिनी चित्रांत तो पुष्कळदा असतो. भव्य डोंगरातून चालणारा हा लहान माणूस म्हणजेच ह्युएन त्संग.

चिनी कलेत लांब गुंडाळी असलेली चित्रेही असतात. ती उजवीकडून उलगडत पाहावयाची असतात, म्हणजे पाहणारा जणू प्रवासच करतो. आपल्याकडे कुडाळजवळील पिंगुळीच्या ठाकर कलावंतांची चित्रकथी याच जातीची आहे: एकेक चित्र पुढे धरावयाचे व गात-बोलत कथा पुढे न्यावयाची. मुलांनी काढलेली चित्रे क्रमाने लावून एकेका मुलाने एकेक चित्र सांगावे, म्हणजे चीनची कथा कोकणच्या पद्धतीने वर्गात उभी राहते. चिनी कथेतील सर्पाकृती 'लुंग' हा पाण्याचा व पावसाचा स्वामी मानला जातो. बौद्ध ग्रंथांतील 'नाग' या शब्दाचे भाषांतर चिनी पंडितांनी याच शब्दाने केले. तेव्हा श्रावणात नागपंचमीच्या सुमारास हा भाग घ्यावा.

गणितही दूर नाही. एक ली म्हणजे साधारणपणे अर्धा किलोमीटर. मग वानराची एक कोलांटी ५४,००० किलोमीटरांची झाली. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. पृथ्वीला वळसा घालूनही उरेल एवढी उडी, आणि तरीही तो एका तळहाताबाहेर जाऊ शकला नाही! हे उदाहरण मुले विसरत नाहीत.

आता सावधगिरीच्या तीन गोष्टी. त्यांतील शेवटची सर्वांत महत्त्वाची आहे.

पहिली अशी की, पावसाळ्यात ही कथा सांगताना धबधब्याच्या उडीनंतर थांबून स्पष्ट सांगावे की, ती उडी वानराची आहे, मुलांची नाही. पऱ्याला आलेले पाणी व शेवाळलेला कातळ कोणाची गय करीत नाहीत.

दुसरी अशी की, चीनचे नाव काढताच एखादा मुलगा युद्धाविषयी विचारील. १९६२ साली दोन्ही देशांत युद्ध झाले, अनेक जवान धारातीर्थी पडले आणि सीमेचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. हे लपवू नये. पण दोन राज्यांचे भांडण आणि दोन लोकसमाजांची जुनी ओळख या वेगळ्या गोष्टी आहेत, हेही त्याच वेळी सांगावे. चिनी माणसाच्या चेहऱ्याची किंवा बोलण्याची नक्कल करून हशा मिळविण्याचा मोह कथनकाराने कटाक्षाने टाळावा.

तिसरी गोष्ट महाड व पोलादपूर तालुक्यांतील शिक्षकांसाठीच आहे. मूळ कथेत बुद्ध गर्विष्ठ वानराला शिक्षा म्हणून त्याच्यावर डोंगर ठेवतात आणि पाच शतके तो त्याखाली दडपून राहतो. वर कथा सांगताना 'बंधनात राहावे लागते' एवढेच म्हटले, ते हेतुतः. जुलै २००५ मध्ये जुई, दासगाव येथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. या भागातील वर्गात असे मूल बसलेले असू शकते की, ज्याच्या घरचे कोणी त्या दिवसानंतर परतले नाही. त्या मुलासमोर शिक्षकाने 'जो गर्व करतो त्याच्यावर डोंगर पडतो' असे रंगवून सांगितले, तर ते मूल मनातल्या मनात विचारील, "मग आमच्या माणसांनी काय केले होते?" हा प्रश्न ते मोठ्याने विचारणार नाही. म्हणूनच तो अधिक भयंकर आहे.

एखादी कथा कितीही विख्यात असली तरी मुलापेक्षा ती मोठी नाही. येथे शिक्षकाने डोंगराऐवजी दगडी कोठडी म्हणावे. कथेचे काही बिघडत नाही. आणि जर मुलांनी स्वतःच डोंगराचा विषय काढला, तर गोष्टीचा रकाना पुसून इतिहासाच्या जोडीला विज्ञानाचा रकाना आखावा. अतिवृष्टीने उतारावरची माती पाणी पिते, जड होते, खालच्या खडकावरची तिची पकड सुटते व ती घसरते. त्यात कोणाचे पाप नसते, कोणाला शिक्षा नसते. जमिनीला नव्या भेगा पडल्या, ओढ्याचे पाणी अचानक गढूळ झाले, झाडे वा खांब कलले, तर तत्काळ मोठ्यांना सांगावे व सुरक्षित जागी निघावे, हेही त्याच वेळी शिकवावे. अद्भुतकथा सांगणाऱ्याला खऱ्याखोट्याची सीमा बारकाईने का राखावी लागते, याचे याहून गंभीर कारण दुसरे नाही.

प्रत्यक्ष कार्यक्रम सोपा आहे. सहा दिवस, रोज अर्धा तास. पहिल्या दोन दिवशी कथा. तिसऱ्या दिवशी उडीचे कोडे व त्यावर मुलांची उत्तरे. चौथ्या दिवशी ह्युएन त्संगाचा खरा प्रवास, नकाशावर खडूची रेघ ओढून. पाचव्या दिवशी कोळशाची चित्रे. सहाव्या दिवशी मुलांनीच चित्रकथीच्या रीतीने सादरीकरण. पालकांना बोलवावे. शिवथरच्या घळीविषयी, लेण्यांविषयी आजीआजोबांना जे ठाऊक आहे ते त्या दिवशी बाहेर येईल आणि दोन रकान्यांत लिहावयास आणखी मजकूर मिळेल.

शेवटी कथेतील एका लहान प्रसंगाकडे लक्ष वेधून हे विवेचन संपवावयाचे आहे. जाताना एक वृद्ध कासव यात्रिकांना आपल्या पाठीवरून विशाल नदी पार करून देते. मोबदला म्हणून ते एवढेच मागते की, 'बुद्धांना भेटाल तेव्हा माझा एक प्रश्न विचारा: मला मनुष्यदेह केव्हा मिळेल?' भिक्षू कबूल करतो. परतताना तेच कासव पुन्हा पाठीवर घेते आणि मध्यधारेत विचारते, 'माझा प्रश्न विचारलात ना?' भिक्षू निरुत्तर होतो. ग्रंथांच्या धांदलीत तो विसरून गेलेला असतो. कासव बुडी मारते, सारे ग्रंथ भिजतात, आणि खडकावर वाळत घातलेल्या एका ग्रंथाचे अखेरचे पान दगडाला चिकटून फाटते ते कायमचे.

पाठ्यक्रम, तपासणी, नोंदवह्या, अहवाल यांचे ओझे शिक्षकाच्या डोक्यावर आहे, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु ज्यांच्या पाठीवरून तो ही नदी ओलांडतो त्या मुलांनी एखाद्या पावसाळी सकाळी एक प्रश्न सोपविलेला असतो: "गुरुजी, हे खरं आहे का?" एवढ्या धांदलीत तो प्रश्न तेवढा विसरता कामा नये.